बाहेरचा पेशंट म्हणजे कोण?

मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयांतल्या गर्दीवर एक उपाय अधूनमधून डोकं वर काढतो: मुंबईबाहेरून येणाऱ्या पेशंटकडून जादा पैसे घ्या. 'आमच्या टॅक्सवर बाहेरच्यांचे उपचार का?' असा त्यामागचा सूर. ऐकायला हिशोबी वाटतं, म्हणून सुशिक्षित माणसंही मान डोलावतात. माझ्या ऑफिसातही डोलावतात.

मी सावद्याचा. रावेर तालुक्यातलं केळीचं गाव. आमच्या स्टेशनवरून केळी दिल्लीला जातात आणि अवघड दुखणी मुंबईला. मुंबईत नोकरी करणाऱ्या खानदेशी पोराची खोली ही अर्धी धर्मशाळाच असते. माझ्याकडे एक जादा गादी कायम गुंडाळून ठेवलेली असते. गावाहून फोन येतो, 'भाऊ, जेजेले केस पेपर किती वाजता निंघतो रे?' की मी सोमवारची सुट्टी टाकून ठेवतो. साडेचारशे किलोमीटर रात्रभर बसून आलेल्या माणसाला 'तू गर्दी करतोस' असं सांगायचं असेल, तर आधी ही रुग्णालयं कोणी उभी केली ते बघू.

भायखळ्याचं जे.जे. आणि त्याला जोडलेलं ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 साली सुरू झालं. त्यासाठी एक लाख रुपये देणाऱ्या जमशेटजी जीजीभॉयांचं बालपण नवसारीला गेलं. आईवडील गेल्यावर ते पोरवयात कमवायला मुंबईत आले. कॉलेजमधून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले भाऊ दाजी लाड मूळचे गोव्याचे. 1896 मध्ये प्लेग आला तेव्हा याच कॉलेजात जागा घेऊन लस बनवणारे आणि जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन तर ओडेसाचे. आजच्या नियमानं या तिघांच्याही केस पेपरवर 'बाहेरचा' असा शिक्का बसला असता.

परळच्या के.ई.एम.ची गोष्ट मला याहून झोंबते. ग्रँट मेडिकल कॉलेजात भारतीय माणूस शिकू शकत होता, डॉक्टर होऊ शकत होता, पण प्राध्यापकांच्या वरच्या जागा गोऱ्या आयएमएस अधिकाऱ्यांसाठी राखीव असायच्या. म्हणून सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महापालिकेला देणगी देताना अट घातली: इथले शिक्षक भारतीयच असतील. 1926 साली जी.एस. मेडिकल कॉलेज आणि के.ई.एम. सुरू झालं ते या अटीवर. सुरुवातीची धुरा सांभाळली जीवराज मेहतांनी. ते अमरेलीचे, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. स्वतःच्याच शहरात ज्यांना बाहेरचं ठरवलं गेलं, त्यांनी बांधलेली ही इमारत आहे. तिच्या खिडकीवर आता 'आतले' आणि 'बाहेरचे' अशी दोन दरपत्रकं लावायची?

आता टॅक्सचं. जे.जे. राज्य सरकारचं आहे, तिथे हा मुद्दा पहिल्याच पायरीवर पडतो. के.ई.एम. महापालिकेचं, मान्य. पण महापालिकेची तिजोरी कित्येक वर्षं ज्या जकातीवर भरली, ती मुंबईत येणाऱ्या मालावर होती. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर जकात गेली आणि तिची भरपाई राज्य सरकार देतं. राज्याच्या तिजोरीत सावद्याचाही माणूस भरतो, मोबाइलच्या रिचार्जपासून सिमेंटच्या गोणीपर्यंत. हिशोब करायचाच तर पूर्ण करू.

शिवाय ही नुसती रुग्णालयं नाहीत, शिकवणारी रुग्णालयं आहेत. त्यांची खरी सुविधा कुठलं मशीन नाही. एकाच खाटेभोवती प्राध्यापक, रेसिडेंट आणि विद्यार्थी उभे असतात, पेशंटला तोच प्रश्न चार जण विचारतात, आणि त्यातून जे कळतं ते पुढच्या बॅचला मिळतं. पेशंट वैतागतो, पण त्या क्षणी तो शिक्षक असतो. केळीच्या बागेत फवारणी करताना विषबाधा झालेला मजूर किंवा सातपुड्याच्या पाड्यावरचं सिकलसेलचं पोर ओपीडीत आलंच नाही, तर परळमधल्या विद्यार्थ्यानं ते फक्त पुस्तकात वाचायचं का? 1968 च्या फेब्रुवारीत, जगातल्या पहिल्या हृदय प्रत्यारोपणानंतर अडीच महिन्यांतच, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी के.ई.एम.मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. पेशंट काही तासांतच गेला. आपण डॉक्टरचं नाव लक्षात ठेवतो, पण ते ज्ञान दोघांच्या खात्यावर जमा आहे.

मी या जागांची आरती ओवाळत नाहीये. जे.जे.मध्येच 1986 साली भेसळयुक्त ग्लिसरॉलनं 14 पेशंट दगावले आणि लेंटिन आयोगानं औषध खरेदीतला कारभार चव्हाट्यावर आणला. आजही 'हे औषध बाहेरून आणा' ही चिठ्ठी सरकारी ओपीडीत कोणाला नवी नाही. तिथे राग काढा ना. व्हरांड्यात चादर टाकून झोपलेल्या नातेवाइकावर कसला काढता?

आमच्या धंद्यात एका सर्व्हरवर लोड वाढला तर आम्ही युजरला दंड लावत नाही, दुसरा सर्व्हर उभा करतो. खानदेशात तो उभा करायला राज्याला किती वेळ लागला? धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आलं. जळगावला 2018 मध्ये, म्हणजे ग्रँट मेडिकलनंतर 173 वर्षांनी. आणि सर्व्हर नुसता रॅकमध्ये बसवून चालत नाही. पाटी, इमारत, उद्घाटनाची फीत हे सगळं झाल्यावरही मेंदूचा किंवा हृदयाचा सर्जन आणि त्याच्या हाताखाली शिकणारे रेसिडेंट नसतील, तर जळगावचा डॉक्टरही कागदावर तेच लिहिणार: पुढील उपचारांसाठी मुंबई.

तेव्हा जादा दराची फाइल फिरवण्याआधी एक साधं काम करा. केस पेपरवर पत्ता असतोच. कुठल्या जिल्ह्यातून, कुठल्या विभागात, किती पेशंट आले याचा तक्ता दर महिन्याला जाहीर करा. डेटा असेल तर मी आणि माझे दोन मित्र शनिवार-रविवारात फुकट बनवून देऊ. जळगावच्या ओळीत ज्या विभागांसमोर सगळ्यात मोठे आकडे दिसतील, त्या विभागांतली प्राध्यापकांची पदं जळगावला आधी भरा. दरपत्रकाचं त्यानंतर बोलू.