बंदी नशेवर, बेडी कामगाराला!

चेन्नईजवळच्या ओरगडम औद्योगिक पट्ट्यात परप्रांतांतून कंत्राटी कामगार येतात, ते बहुतेक रेल्वेनेच. गांजासाठी डब्याची झडती झाली आणि अशा एखाद्याच्या सामानात दुसऱ्याचे पुडके निघाले, तर? माल ताब्यात होता एवढे ठरले की १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याची ३५ व ५४ ही कलमे तो जाणूनबुजून बाळगला असे गृहीत धरतात. ‘मला ठाऊक नव्हते’ हे त्या गरिबानेच सिद्ध करायचे! बंद पुडकी हाताळणे हीच ज्यांची रोजची भाकरी, त्या पार्सल हमालांनी आणि आर.एम.एस.च्या सॉर्टर बांधवांनी ही कलमे परक्याची समजू नयेत.

गांजा २० किलो वा हेरॉईन २५० ग्रॅमहून अधिक असेल, तर कलम ३७ आडवे येते. आरोपी दोषी नसावा अशी न्यायालयाची खात्री पटेपर्यंत जामीन नाही. म्हणजे खटल्याआधीच निकाल! शिवाय १९८८ च्या कायद्याने खटल्याविना वर्षभर स्थानबद्ध करता येते. १९७४ च्या रेल्वे संपात ‘मिसा’ भोगलेल्यांना या हत्याराची धार सांगायला नको.

अधिकाऱ्याने घेतलेला कबुलीजबाब पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतूनच आलेल्या तोफान सिंग खटल्यात २९ ऑक्टोबर २०२० रोजी बहुमताने सांगितले. कायदा १९८५ चा, हक्क २०२० साली!

आम्ही नशेचे वकील नाही. गर्दने कामगारांची घरे धुळीस मिळवली, हे आम्ही जाणतो. पण तुरुंगाने व्यसन सुटत नाही. मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दारू संपली नाही. हातभट्टी आणि हप्ता मात्र फोफावला. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरता अमली पदार्थ बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले, विक्रेत्यांवरील शिक्षा कायम ठेवली. आपल्याकडे मात्र सेवन करणाऱ्यालाही कलम २७ कैदेची धमकी देते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. स्वतःपुरते सेवन हा गुन्हा नव्हे, आजार माना. उपचार सरकारी खर्चाने द्या. कलम ३५ व ३७ रद्द करा. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोरच अंगझडती मागण्याचा कलम ५० चा हक्क प्रत्येक स्थानकावर आणि टपाल कार्यालयात मराठीतही लावा.

बड्या तस्कराला वकील मिळतो. कामगाराला मिळते ती कोठडी. बांधवांनो, दुसऱ्याच्या हक्कावर घाला पडताना गप्प बसलो, तर आपल्या वेळी बोलायला कोण उरणार?