भिंत कोणी रंगवायची?

"हे श्रीमंतांचे चोचले आहेत, चळवळीचा विषय नाही." हिंगण्यातल्या आमच्या वस्तीत समलिंगी किंवा तृतीयपंथी माणसांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणारे आपलेच असतात, दीक्षाभूमीवर भोजनदानात राबणारे. म्हणूनच उत्तर देणे भाग आहे.

गेल्या जयंतीच्या आधी एका मंडळाने बाबासाहेबांचे भित्तिचित्र काढायला एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणाऱ्या एका पोराला सांगितले. हात चांगला आहे त्याचा. चित्र अर्धे झाले आणि कोणीतरी त्याची वही चाळली. वहीत त्याने स्वतःलाच काढले होते, साडी नेसलेले. दुसऱ्या दिवशी काम काढून घेतले. आज त्या भिंतीवर कोट आणि संविधान त्याच्या हातचे आहे, चेहरा दुसऱ्याच्या. त्या बैठकीत आम्हीही होतो आणि गप्प बसलो, हेही सांगितले पाहिजे.

नंतर आम्ही त्याला मोबाइलवर भूपेन खख्खर यांची चित्रे दाखवली. १९३४ साली मुंबईत जन्म, व्यवसायाने हिशेबनीस, १९६२ मध्ये बडोद्याला गेले. शिंपी, न्हावी, घड्याळजी अशी साधी माणसे त्यांनी मन लावून रंगवली. १९८१ च्या 'यू कान्ट प्लीज ऑल' या चित्रात एक नागडा माणूस गॅलरीत उभा राहून खाली बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट पाहतो आहे. सगळ्यांना खूश ठेवायला जाणाऱ्या बापलेकाची तीच जुनी गोष्ट. पुढच्याच वर्षी 'टू मेन इन बनारस'मध्ये त्यांनी दोन नग्न पुरुषांची मिठी रंगवली. त्या काळी हे धाडसच.

पोरगा बराच वेळ गॅलरीतल्या माणसाकडे पाहत राहिला. म्हणाला, "याच्याकडे उभं राहायला घर तरी आहे."

टीकाकार मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इतकेच. ज्या बडोद्यात खख्खरांना घर मिळाले, त्याच बडोद्यात १९१७ साली बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले होते. जात आधी जागा ठरवते. मग त्या जागेत आपले शरीर उघडे करायचे की नाही, हा प्रश्न येतो.

पण म्हणून शरीराचा प्रश्न आपला नाही? नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांची चित्रे पाहा. गळ्यात मडके, कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य, आणि देवदासी. आपल्या आजा-पणजांना सावली, थुंकी, स्पर्श यांवरून विटाळ ठरवले गेले. त्या शरीरांनी कोणता गुन्हा केला होता? आता आपणच एका पोराच्या हातून रंगवलेल्या बाबासाहेबांना विटाळ होतो म्हणणार असू, तर सावरकरांची चित्रे आपल्याला कळलीच नाहीत.

आणि बाबासाहेबांचे काय? र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला तो खख्खरांच्या जन्मसालीच, १९३४ मध्ये. कारण होते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे. त्यांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांचे वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. तेव्हा बाबासाहेबांनी हा श्रीमंतांचा विषय म्हणून वकीलपत्र नाकारले नाही. जयंतीच्या भाषणांत हा खटला कधी ऐकलाय का कोणी? आम्हीही एम.ए. होईपर्यंत ऐकला नव्हता.

यंदाच्या जयंतीची बैठक मार्चमध्ये आहे. भिंत पुन्हा रंगवायची झालीच आहे, पावसाने कोट उडालाय. ते काम चेहऱ्यासकट त्याच पोराला द्यावे, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. त्याला विचारून घेतले आहे, तो तयार आहे. विरोध असेल त्यांनी बैठकीत येऊन बोलावे.