तळ्याकाठचे परदेशी पाहुणे



धानाची मळणी आटोपली, पोती घरात आली, आता जरा उसंत आहे. शहरात नोकरीला असलेली आपली मुले या दिवसांत सुट्टी काढून फिरायला जातात. कोणी तर थेट श्रीलंकेला जाऊन तिथल्या तळ्यांवरचे पक्षी पाहून येतात. जरूर जावे. पण ती तळी कुठली? त्यांतली कितीतरी राजांनी भातशेतीसाठी बांधलेली! पोलोन्नरुवाचा 'पराक्रम समुद्र' पराक्रमबाहू राजाने १२ व्या शतकात बांधला. नाव समुद्र, पण आहे तो तलाव. भातासाठी पाणी अडले, पाण्यात मासे वाढले, माशांमागून पक्षी आले.

आता आपल्या गावाच्या पाळीवर उभे राहून बघा. इथेही तीच गोष्ट आहे. गोंड राजांच्या काळापासून आपल्या भागात तलाव आणि बोड्या बांधल्या गेल्या. कोहळी शेतकरी तर या कामात वाकबगार. १९५१ साली मालगुजारी गेली आणि हे तलाव 'माजी मालगुजारी', म्हणजे आपल्या बोलीत 'मामा तलाव' झाले. नागभीड, सिंदेवाही, सावली, तिकडे आरमोरी, वडसा, जिथे धान तिथे तलाव.

हिवाळ्यात या तलावांवर पाहुणे येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवर तो उडाल्याची नोंद आहे. चंद्रपूरजवळच्या इरई धरणावर तो दिसतो. नारिंगी अंगाचा चक्रवाक, सुईसारख्या शेपटीचा तलवार बदक, छोटा चक्रांग हेही उत्तरेकडचेच. शिट्टी घालणारी अडई आणि कमळाच्या पानांवर चालणारा कमळपक्षी मात्र आपले घरचे.

तुम्ही विचाराल, याने आमच्या पोटाला काय? उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायी खातो. बगळे किडे टिपतात, बांध पोखरणारे खेकडेही पकडतात. आणि ज्या तलावात पक्षी टिकतात, तिथे सहसा मासळीही टिकते. कारण दोघांनाही उथळ पाणी आणि पाणवनस्पती लागतात.

नुकसानही होते, ते नाकारू नये. पट्टकदंबांचा थवा रात्री गव्हाच्या किंवा हरभऱ्याच्या कोवळ्या पिकात उतरला तर सकाळी मालकाचा जीव जळतो. अशा वेळी राखण करावी, कंदील लावावा, डबा वाजवावा. पण कीटकनाशक लावलेले दाणे टाकू नयेत. त्याने पक्षी मरतात, तेच पाणी गुरे पितात, आणि असा पक्षी कोणी शिजवून खाल्ला तर त्या घरावर संकट येते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

खरे संकट तलावांवरच आहे. गाळ साचला, काठावर अतिक्रमण झाले, बेशरम माजली. गाळ काढलाच पाहिजे. तो वावरात टाकला तर जमीनही सुधारते. पण काढताना तलावाची कढई करा, हौद करू नका. काठ उताराचा ठेवा. उभे खोदून टाकले की उथळ पाणी संपते. माशांना अंडी घालायला आणि पक्ष्यांना चरायला जागा उरत नाही. बेशरम फुलण्यापूर्वी मुळासकट उपटा. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव भागात ढिवर बंधू-भगिनींनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने बेशरम काढली, तळ्यात देशी पाणवनस्पती लावल्या. तिथे मासळी सुधारली, पक्षीही परतले. आपल्या ग्रामसभेनेही हा विषय घ्यावा.

उशीर झाला की काय होते, ते सारसाकडे पाहून कळते. धानाच्या बांधीत घरटे करणारा हा माणसाएवढा उंच पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे. चंद्रपुरातून तो जवळजवळ गेलाच.

तेव्हा या जानेवारीत मुलांना घेऊन एक सकाळ तलावावर घालवा. जंगलालगतच्या तलावावर मात्र उजाडल्याशिवाय किंवा एकट्याने जाऊ नका. वाघ-अस्वलाचा भाग आहे. भडक कपडे नकोत, गलका नको, दगड तर नाहीच. सूर्य पाठीशी ठेवून शंभर पावलांवर बसा. कोणता पक्षी, किती, पाण्यात की काठावर, एवढे मुलांकडून वहीत लिहवून घ्या. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. आपली वही जपून ठेवली तर पाच वर्षांनी तलाव सुधारतो आहे की बिघडतो आहे, हे गावालाच कळेल. नाव माहीत नसेल तर म्हाताऱ्या ढिवराला विचारा. त्याच्याकडे प्रत्येक पाखराला नाव असते.