बाहुल्याची गोडी

नाशिकच्या इंदिरानगरातील एखाद्या घरी रात्रीची जेवणे आटोपून सारे दूरदर्शनसंचासमोर बसतात. पडद्यावर तात्या विंचू हा बाहुला डोळे वटारतो. धाकटे मूल आजीला बिलगते. पण लगेच लक्ष्मीकांत बेर्डे यांची त्रेधा पाहून दोघेही खळखळून हसतात.

महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला. त्यानंतर यंत्रसाहाय्याने कितीतरी सफाईदार चित्रपट निघाले. तरीही या बाहुल्याची गोडी ओसरली नाही, ती का? बाहुल्यामागे रामदास पाध्ये यांचे कसबी हात होते. वडील यशवंत पाध्ये यांच्याकडून त्यांना शब्दभ्रमाचा वारसा लाभला होता. बाहुल्याचा जबडा उघडतो, मान अडखळत वळते. हा बाहुलाच आहे, हे मूल पुरते विसरत नाही. म्हणून त्याला भिण्याचीही मौज वाटते. अगदी हुबेहूब राक्षस ही मुभा देत नाही.

एकट्याने अनुभवलेली भीती मनात घर करते. आप्तांच्या संगतीत तिचेच हसू होते. तेव्हा असा चित्रपट हातातल्या भ्रमणध्वनीवर कोपऱ्यात बसून पाहू नये. आजीशेजारी जागा धरावी. चित्रपटाची खरी गोडी तेथेच आहे.