हळदीला हिशोबपट्टी, घराला काय?

माननीय अध्यक्ष,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, मुंबई



वसमतच्या मोंढ्यात हळद विकायला नेली की अडत्याला बाजार समितीचा परवाना असावा लागतो, लिलाव चार लोकांदेखत होतो आणि शेतकऱ्याच्या हातात वजन, भाव, कपात लिहिलेली हिशोबपट्टी पडते. त्याच शेतकऱ्याने वडिलांचं घर विकायला काढलं, तर मधल्या माणसाला ना परवाना लागतो, ना पावती द्यावी लागते. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने हळदीच्या पोत्याला जे संरक्षण दिलं, ते आयुष्यभराच्या कमाईच्या घराला अजून मिळालेलं नाही.

महारेरा आहे ना, असं कुणी म्हणेल. पण २०१६ च्या कायद्याचं कलम ९ एजंटाला नोंदणीची सक्ती करतं ती नोंदणीकृत प्रकल्पात बिल्डर विकत असलेल्या मालमत्तेपुरतीच. २०२३ मध्ये आपण एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आणली, याचं मला मनापासून कौतुक आहे. मात्र हिंगोली, कळमनुरी, सेनगावकडे मोठे प्रकल्प असतात किती? इथे हात बदलतात ती माळवदाची जुनी घरं, गुंठेवारीतले प्लॉट, गावठाणातल्या जागा. मालक स्वतः विकतो, म्हणून त्याचा एजंट आपल्या कक्षेत येत नाही.

एजंट लावावा की नाही, हे इथल्या माणसाला एकट्यानेच ठरवावं लागतं. पंचवीस लाखांचं घर धरा. दोन टक्के दलाली म्हणजे पन्नास हजार, आणि समोरच्याकडूनही तेवढेच घेतले तर एका व्यवहारात लाख रुपये. एवढ्या पैशांत मिळतं काय, हे आधी विचारायला हवं. गिऱ्हाईक मिळतं, असं उत्तर येतं. पण आमच्या गावांत गिऱ्हाईक बहुधा त्याच गल्लीत असतं. भिंतीला भिंत लागलेल्या शेजाऱ्याला ती जागा कधीची हवी असते. भाव काय चाललाय हे पाहायला मुद्रांक विभागाचे बाजारमूल्य दर ऑनलाइन उघडे आहेत, आणि आसपास झालेल्या खरेदीखतांची सूची क्रमांक दोनही पाहता येते.

व्यवहार अडतो तो कागदावर. वडील गेले, घराच्या उताऱ्यावर नाव अजून त्यांचंच. बहिणी लग्न होऊन नांदेडला, परभणीला गेल्या. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये देशाने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क दिला, तरी इसार घेताना बहिणींना विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. मग ऐन रजिस्ट्रीच्या वेळी एका बहिणीची सही मिळत नाही आणि इसार अडकतो, वर नात्यात कायमची तेढ. जुनी कागदपत्रं निजामाच्या काळातली असली तर ती उर्दूत, वाचून सांगणारा शोधावा लागतो. माझं स्पष्ट मत आहे: जो एजंट पहिल्याच भेटीत ‘बहिणी किती?’ आणि ‘वारस नोंद झाली का?’ हे विचारत नाही, त्याला एक रुपयाही देऊ नये. त्यापेक्षा ते पैसे वकिलाला देऊन हक्काची तपासणी करून घ्यावी.

तरीही एजंट नकोच, असं मी म्हणणार नाही. मुलं पुण्यात नोकरीला, घराला कुलूप, गावात सत्तरीची आई एकटी. अशा घरी रोज येणाऱ्या गिऱ्हाइकांना घर दाखवणं, नुसते चौकशीखोर गाळणं, उतारे काढायला कचेरीत खेपा घालणं हे कष्टाचं काम आहे आणि त्याचा मोबदला द्यायलाच हवा. असं काम सचोटीने करणारी माणसं आमच्याकडे आहेत. परवाना नसल्यामुळे त्यांच्यात आणि विकणाऱ्याला एक भाव, घेणाऱ्याला दुसरा सांगून मधलं खिशात घालणाऱ्यात फरक करायला लोकांकडे काही साधन नाही, आणि यात नुकसान त्या सचोटीच्या माणसांचंही होतं.

सगळं तोंडी चालतं, तिथेच घात होतो. ‘इसार रोखीतच घ्या’ असा सल्ला सहज दिला जातो. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारली तर तेवढ्याच रकमेचा दंड स्वीकारणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला होऊ शकतो, हे त्याला कुणी सांगत नाही. दिलेली दलाली विक्रीचा खर्च म्हणून भांडवली नफ्यातून वजा करता येते, पण पावतीच नसेल तर दाखवणार काय? अमेरिकेत दलालीवरून विकणाऱ्यांनी कोर्टात मोठी लढाई दिली आणि ऑगस्ट २०२४ पासून तिथे घेणाऱ्याच्या एजंटाला घर दाखवायला नेण्याआधी मोबदल्याचा लेखी करार करावा लागतो. आम्हाला तेवढं कागदावर आलं तरी पुष्कळ आहे.

आपल्याकडे तीन मागण्या आहेत. कायद्याच्या कलम ३२ नुसार आपण सरकारला शिफारस करू शकता. मालकाकडून होणाऱ्या घरविक्रीतल्या एजंटांनाही नोंदणी लागू करावी, अशी शिफारस करा. कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर सोप्या मराठीत एका पानाचा मध्यस्थी करारनामा काढा: दलाली किती, कोण देणार, कधी देणार, दोन्हीकडून घेणार का, आणि व्यवहार मोडला तर काय. तिसरी मागणी आमच्या इथल्या एजंटांसाठी आहे. त्यांना स्वखुशीने आपलं प्रशिक्षण घेता यावं, आणि ते मराठवाड्यातच, जिल्ह्याच्या गावी मिळावं.

तो एका पानाचा करारनामा मुद्रांक विभागाशी बोलून दुय्यम निबंधक कार्यालयांत, मुद्रांक विक्रेत्यांच्या टेबलांवर ठेवण्याची व्यवस्था करा. सुरुवात हिंगोलीपासून केलीत तर गावोगावच्या ग्रामपंचायतींत तो पोहोचवायला आम्ही नागरिक तयार आहोत. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
हिंगोली जिल्ह्यातील एक नागरिक