बाड बाजूला ठेवणारा प्राध्यापक

मंडळी, सॉक्रेटिस म्हटलं की आपल्याला विषाचा पेला आठवतो आणि बहुतेक वेळा गाडी तिथेच थांबते. त्या सॉक्रेटिसपाशी अर्धं आयुष्य घालवलेल्या एका प्राध्यापकाबद्दल आज लिहायचं आहे. ग्रेगरी व्लास्टोस त्यांचं नाव. जन्म १९०७ चा, इस्तंबूलचा. वडील ग्रीक, आई स्कॉटिश.

१९३१ साली हार्वर्डची डॉक्टरेट, मग कॅनडात क्वीन्स विद्यापीठात अध्यापन, १९४८ पासून कॉर्नेल, १९५५ पासून प्रिन्स्टन. इथवर एखाद्याचं सेवापुस्तक वाचल्यासारखंच वाटतं. १९५४ साली त्यांनी प्लेटोच्या 'पार्मेनिडीस' संवादातल्या एका युक्तिवादावर लेख लिहिला आणि त्यावर विद्वानांचा वाद कितीतरी वर्षं चालू राहिला. म्हणजे नाव झालं होतं.

पण मला मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. त्याच दशकात त्यांनी सॉक्रेटिसवर एक आख्खं पुस्तक लिहिलं, स्वतःच तपासलं, पटलं नाही, आणि छापायचं नाही असं ठरवलं! दुसऱ्या कुणी परत पाठवलेलं नव्हतं हो. स्वतःच नापास केलं.

पुढे कित्येक वर्षं ते एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले. सॉक्रेटिस समोरच्याला प्रश्न विचारत विचारत अशा जागी आणतो, की त्याचीच दोन मतं एकमेकांविरुद्ध उभी राहतात. ठीक आहे, पण त्यातलं खोटं कोणतं हे कसं कळलं? विसंगती दाखवणं वेगळं आणि सत्य सापडणं वेगळं. १९५६ साली व्लास्टोस यांनी याबद्दल एक मत मांडलं होतं. १९८३ च्या लेखात त्यांनी आपलंच ते मत मोडीत काढलं आणि नव्याने मांडणी केली. तेव्हा त्यांचं वय होतं पंचाहत्तर-शहात्तर. माझ्या वयाच्या मंडळींनी जरा लक्षात घ्यावं! आपण या वयात चहात साखर किती यावरचंही मत बदलत नाही.

१९७६ साली ते प्रिन्स्टनमधून निवृत्त झाले आणि बर्कलीला १९८७ पर्यंत शिकवत राहिले. सॉक्रेटिसवरचं त्यांचं पुस्तक अखेर १९९१ साली आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. उरलेले लेख माइल्स बर्नियट यांनी संपादित करून १९९४ साली पुस्तकरूपात आणले. टेरेन्स अर्विन, अलेक्झांडर नेहामास हे त्यांचे विद्यार्थी पुढे स्वतःच या विषयातले जाणकार झाले.

आता माझं म्हणणं. प्राध्यापकाचं काम आज छापलेल्या लेखांच्या संख्येवर मोजलं जातं. त्या तक्त्यात 'न छापलेलं पुस्तक' हा रकाना नसतो आणि 'माझं आधीचं मत चूक होतं' याला गुण नसतात. मग कच्चं लिखाण छापून मोकळं होण्याकडे कल वाढला, तर नवल ते काय?

कुणी म्हणेल, व्लास्टोस यांची नोकरी पक्की होती, त्यांना परवडलं. अगदी खरं. कंत्राटावर शिकवणाऱ्या तरुणाला बाड बाजूला ठेवायला सांगणं ही क्रूर थट्टा होईल. पण म्हणूनच ज्यांची खुर्ची पक्की आहे त्यांच्यावर जबाबदारी जास्त येते. त्यांनी थांबून दाखवलं, आपलं म्हणणं उघडपणे दुरुस्त केलं, तरच मागून येणाऱ्यांना कळेल की असंही करता येतं.

आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं मुलांना सांगतो, पेपर देण्याआधी पुन्हा एकदा वाच. या माणसाने तो पेपर पस्तीसेक वर्षं पुन्हा पुन्हा वाचला. मला तरी ही कारकीर्द यशस्वी वाटते. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.