पिंजऱ्यांतील ज्ञान

मुंबईस गेलेला आमच्या बेलापुराकडील गृहस्थ राणीची बाग पाहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. मुलेंबाळें बरोबर असलीं म्हणजे तर महालक्ष्मीच्या दर्शनाइतकेंच तेंही एक कर्तव्य होऊन बसतें. आम्हीही या नेमास अपवाद नाहीं. परंतु तेथून बाहेर पडतांना मनाची जी द्विधा स्थिति होते, तिचा एकदां नीट विचार व्हावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

बागेविषयीं आमची तक्रार नाहीं, हें प्रथमच सांगणें इष्ट. १८६२ सालीं खुली झालेली आणि आज वीरमाता जिजाबाईंचें नांव धारण करणारी ही बाग म्हणजे भायखळ्याच्या दाटींत सावलीचा केवढा तरी आधार आहे. केवळ तेथील जुनीं झाडें पाहण्यासाठीं कोणी गेला तरी त्याची खेप फुकट जाणार नाहीं. पाणघोड्यानें जबडा उघडतांच पोरें टाळ्या पिटतात, तो आनंदही खोटा नव्हे.

आमचा वाद आहे तो पिंजऱ्यांच्या समर्थनार्थ नेहमीं पुढें करण्यांत येणाऱ्या एका सबबीशीं. प्राणिसंग्रहालय ही मुलांची शाळा आहे, तेथें त्यांना सृष्टीचें ज्ञान होतें, असें म्हणतात. ज्यांचा जन्म शिकविण्यांत गेला त्या आम्हांस हें म्हणणें मुळींच पटत नाहीं. वाघ कसा दिसतो हें चित्रावरूनही कळतें. तो कोठें दडतो, किती हिंडतो, कोणास भितो, हें जें त्याचें वाघपण, तेंच पिंजऱ्यांत उरत नाहीं. चार पावलें जाऊन चार पावलें परतणारा प्राणी पाहून मूल एवढेंच शिकतें कीं, पशु आपल्या करमणुकीसाठीं आहे, आणि तो हलला नाहीं तर आरडाओरड करून त्यास हलवावें!

आतां परदेशच्या पाहुण्यांचें पहा. २०१६ सालीं सेऊलहून आठ हंबोल्ट पेंग्विन या बागेंत आणण्यांत आले. हे पक्षी पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यांवरचे. मुंबईच्या उकाड्यांत त्यांच्यासाठीं रात्रंदिवस कृत्रिम गारवा राखावा लागतो. आठांतील एक त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मेला. २०१७ च्या मार्चमध्यें दालन उघडलें, गर्दी लोटली, आणि त्याच वर्षीं मोठ्या माणसाचें तिकीट पांच रुपयांवरून पन्नासांवर गेलें. पुढें तेथें पिलेंही झालीं, असें कोणी अभिमानानें सांगेल. पण पिंजऱ्यांत वंश वाढला म्हणून पिंजरा निर्दोष ठरतो काय?

आणि ज्या मुलांस ज्ञानासाठीं आपण मुंबईस नेतों, त्यांच्या दाराशीं काय आहे? भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. प्रवरेच्या कालव्यांनीं या मुलखांत ऊस वाढविला, आणि कालांतरानें त्याच उसांत बिबट्यानें बिऱ्हाड केलें. प्रवरेच्या वरच्या अंगास असलेल्या अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं केलेलें संशोधन २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. शेतीच्या व भर वस्तीच्या त्या भागांत शंभर चौरस किलोमीटरांस सुमारें पांच बिबटे आढळले. त्यांच्या भक्ष्यांत मोठा वाटा गांवच्या कुत्र्यांचा, हेंही पुढें दिसून आलें. खरें ज्ञान तें हें. आणि तें पिंजऱ्यापुढें उभें राहून मिळालेलें नाहीं.

तरी बिबट्या नुसता दिसला कीं आपली मागणी एकच : पिंजरा लावा! जुन्नर भागांत पकडलेले बिबटे २००१ नंतर दूरच्या जंगलांत नेऊन सोडले, तेव्हां हल्ले घटण्याऐवजीं वाढले. ज्या घरचें लेंकरूं गेलें त्या घरास उपदेश करण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. माणसावर चालून येणारा बिबट्या धरलाच पाहिजे. आणि जो पुन्हां सोडतां येत नाहीं त्यास माणिकडोहच्या निवारा केंद्रासारखी जागाही हवीच. परंतु नाइलाजाचा पिंजरा वेगळा आणि तमाशाचा पिंजरा वेगळा.

म्हणून आमचें म्हणणें असें : बाग राहावी, झाडें राहावींत; परदेशी प्राण्यांची नवी आयात बंद व्हावी. जखमी, पोरके व परत जाऊं न शकणारे असे इकडचेच प्राणी तेथें सांभाळावे, आणि प्रत्येकाच्या पुढें तो कोठें सांपडला व परत कां जाऊं शकत नाहीं, हें मराठींत स्पष्ट लिहावें. आणि आपण पालकांनीं? तिन्हीसांजेस उसाच्या कडेनें मुलांस एकटें धाडूं नये, शेळ्या बंदिस्त गोठ्यांत बांधाव्या, उकिरडे वाढूं देऊं नयेत, आणि हें सर्व कां करावयाचें तें मुलांस समजावून सांगावें. या शाळेस तिकीट पडत नाहीं.